वरची ओळ

परवा फोनवर तुमच्या आवाजांच्या मागून ट्रॅक्टर ऐकू आला. आधी लांबून, मग खिडकीची काच थरथरेल इतका जवळून. तारा म्हणाली, "सायलेज, आजी," आणि पुढचं बोलायला लागली. मला मात्र ती पुढे काय म्हणाली ते ऐकू आलंच नाही. पुण्यातल्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मला ताज्या कापलेल्या गवताचा वास आला. गोडसर, थोडा आंबूस, आपल्याकडच्या कुठल्याच वासाशी न जुळणारा. इतक्या लांब वास येत नसतो हे मला कळतं. तरी आला.

मग रेवा, तू मधेच म्हणालीस, "मॅम इज इन अ मूड. शी हॅज नो वर्क धिस वीक. आजी, व्हाय डजन्ट शी जस्ट गेट अ रिअल जॉब?" तुझ्या 'मॅम'ने, म्हणजे आईनेच, मागून "रेवा!" म्हटलं आणि फोन ठेवला गेला. प्रश्न तसाच राहिला. प्रश्न अर्धवट ठेवणं मला जमत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तरी हे मराठीतच लिहिते. तुम्हाला समजतं सगळं, उत्तर तेवढं इंग्रजीत देता. द्या.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे, डब्लिनच्या पार पश्चिमेला, एनिसला आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. तुम्हाला त्यातलं आंबापोळी आणि पत्त्यांचे डाव एवढंच आठवत असेल. मला तो सगळा काळ हिरवा आठवतो. कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा थर, रात्रीचे दहा वाजले तरी न जाणारा उजेड, आणि त्या उजेडात सबंध क्लेअर परगणा गवत कापत असलेला. रस्त्यावर ट्रॅक्टर जाऊन गेला की दोन्ही बाजूंच्या झुडपांवर गवताच्या काड्या लटकलेल्या असायच्या, लग्नघरातून वरात गेल्यावर अक्षता पडून राहाव्यात तशा.

मी आले तेव्हा तुमच्या आईने शॅननच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून सहा आठवडे झाले होते. आठ वर्षांची पक्की नोकरी. मी विरोधात होते, हे आधी सांगून टाकते. मी स्वतः चौतीस वर्षं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पगार एक तारखेला, रजा नियमाप्रमाणे, निवृत्तीला शाल आणि नारळ. मृणालला मी फोनवर म्हटलं होतं, "अगं, घरी बसून कोण काम देणार तुला?" ती म्हणाली होती, "आई, इथला पासपोर्ट हातात आल्यावर पहिल्यांदाच मला नोकरी सोडायची मुभा मिळालीय. आत्ता नाही तर कधी?" त्याआधी तिचा तिथे राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. हे मला माहीत नव्हतं. माणसाला आठ वर्षांनी काहीतरी सोडायची परवानगी मिळते, ही गोष्टच मला नवीन होती.

आले तेव्हा मी पाहिलं, ती रोज सात वाजता उठून ऑफिसला जायचे कपडे घालते. तुम्हाला शाळेत सोडून येते आणि साडेनऊला स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप उघडते. अकरा वाजता उठून उगाच खिडकीशी जाते. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "काही नाही. अकराला आमचा चहा असायचा. बिस्किटांचा डबा फिरायचा. कुणीतरी काहीतरी बरळायचं." मग जरा थांबून, "आई, दिवसभरात कुणी विचारतच नाही गं, किती झालं म्हणून." काम अडलं की ती प्रेस आवरायला घ्यायची, म्हणजे तुमच्याकडचं भिंतीतलं कपाट. त्या तीन महिन्यांत ते कपाट इतकं लखलखीत होतं की त्यावरूनच मी ओळखायचे, आज किती अडलंय.

पण काही सकाळी ती टेबलाशी बसायची आणि जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. लहानपणी माझ्या ग्रंथालयात कार्डांच्या खणाशी बसायची तशी. ओठ किंचित हलत असायचे. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी शॅननच्या आठ वर्षांत कधी फोनवर पाहिलं नव्हतं. दोन्ही खरं होतं. खिडकीही खरी आणि हेही.

ती ज्यात बुडालेली असायची त्या प्रोग्रॅमचं नाव तिने 'चाळणी' ठेवलं होतं. काम साधं. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेलं असलं, तर ती दोन्ही एकच आहेत हे ओळखायचं. हा तर माझा जन्माचा धंदा! एका लेखकाची पुस्तकं तीन स्पेलिंगांखाली तीन खणांत जाऊन पडली, तर वाचकाला ती कशी सापडणार? Kulkarni आणि Kulkarnee एकाच खणात आणायला मी किती दुपारी घालवल्या असतील. मृणालने नोकरीत असताना, रविवारी आणि संध्याकाळी, स्वतःच्या हौसेने चार वर्षं ही चाळणी लिहिली होती. कंपनीच्या कामाशी तिचा काही संबंध नव्हता. तिथे ती विमानाच्या सुट्या भागांचं काहीतरी पाहायची.

मे संपता संपता गॉलवेच्या एका छोट्या फर्मने तिला विचारलं. जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या जुन्या याद्या ते एकत्र करत होते आणि पार रडकुंडीला आले होते. तिथली शिवॉन नावाची बाई फोनवर म्हणाली, "एकच ओब्रायन आमच्याकडे सहा वेळा आहे, आणि त्याच्या गायी तिसऱ्याच्याच नावावर आहेत." त्यांना चाळणी विकत हवी होती. कायमची, हक्कांसकट.

तीन दिवस मृणाल प्रेस आवरत होती.

त्याच आठवड्यात तुमच्या शेजारचे डोनल गवत कापायला निघाले. तुम्हाला ते फक्त भोपूवाले डोनल म्हणून माहीत आहेत. ते कंत्राटावर काम करतात. शेत दुसऱ्याचं, गवत दुसऱ्याचं. हे आपली यंत्रं घेऊन जातात, कापतात, रचतात, काळं प्लास्टिक घालून वर जुने टायर ठेवतात (आत आंबून गुरांचा हिवाळ्याचा चारा होतो, तेच ताराचं सायलेज) आणि पुढच्या शेतावर जातात. तीन कोरडे दिवस मिळाले की झोप नाही. त्या दिवशी ते दारात पाती उतरवून धार बघत होते. मी चहा घेऊन गेले. मृणालही आली आणि सहज म्हणावं तसं तिने विचारलं, "डोनल, कुणी तुमचं मशीन विकत मागतं का हो?"

"दरवर्षी," ते म्हणाले. "कीननच्या म्हाताऱ्याने मागच्या खेपेला मागितलं. मी म्हटलं, गवत तुझं, पाती माझी. पाती तुला दिली तर पुढच्या शेतावर मी काय दातांनी कापू?"

मग माझ्याकडे वळून, "चहा ग्रँड आहे, मिसेस. पण दूध कशाला उकळलंत?"

त्या संध्याकाळी मृणालने गॉलवेला कळवलं. याद्या मी स्वच्छ करून देईन, याद्या तुमच्या. चाळणी मात्र माझ्याकडेच राहील. मी बाजूला भाजी निवडत होते. मला भीती वाटली, आलेलं काम गेलं. शिवॉनने दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं. फक्त एक कागद हवा होता: ही चाळणी सर्वस्वी माझी आहे, दुसऱ्या कुणाचा तिच्यावर हक्क नाही, असं लिहून सही. "तुम्हीच लिहिलीय ना? मग करा सही आणि पाठवा. फाइलीही जोडा, आमचा माणूस नजर टाकेल."

फाइली जोडायला म्हणून मृणालने पहिली उघडली आणि तशीच बसून राहिली. मग दुसरी उघडली. चौदाच्या चौदा उघडल्या. मला वाटलं काही बिघडलं. ती म्हणाली, "आई, वरची ओळ बघ."

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक ओळ होती: याचे सर्व हक्क अमुक कंपनीकडे. तिच्या जुन्या कंपनीचं नाव.

असं कसं झालं ते मला तिने दोनदा समजावलं तेव्हा कळलं. कंपनीत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या लॅपटॉपवर अशी सोय करून दिली होती की नवी फाइल उघडली की ती ओळ आपोआप वर पडावी. पुढे मृणालने आपली सगळी मांडणी घरच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उतरवून घेतली. का? तर दोन्हीकडे सारखं असावं म्हणून. डबे एका उंचीचे, लेबलं एका बाजूला, चादरींच्या घड्या एका मापाच्या. ही शिस्त तिला कुणी लावली, ते मी तुम्हाला सांगायला नको. चार वर्षं ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला दिसली नव्हती. देवघरातल्या फोटोची चौकट दिसत नाही तशी.

तुमच्या आईचा मित्र समीर, डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला राहणारा, मूळचा नागपूरचा, त्याला तिने फोन लावला. स्पीकरवर.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "काहून टेन्शन घेऊन राहिली? सर्च कर, रिप्लेस कर, एंटर मार. दहा सेकंदाचं काम. तुझं आहे, तू लिहिलं, कोणाला कळते?"

"सगळं माझं नाहीये, समीर. तारखा बघितल्या मी. दोन फाइली बुधवारी दुपारी एक वाजता लिहिल्यात. ऑफिसात."

"लंच टाइम तुझाच होता ना बे?"

"लंच माझा. लॅपटॉप त्यांचा. करारात स्पष्ट आहे ते."

"काकू, समजवा हिला तुम्ही. ही कंपनीला जाऊन विचारेल आणि ते म्हणतील चौदाही आमच्याच. मग बसा दोघी आंबापोळ्या विकत."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. विचारायला गेलं तर सगळंच जाऊ शकत होतं. चार वर्षं, गॉलवेचं काम, आणि नोकरी सोडली ती कशाच्या भरवशावर, तो भरवसा. मृणालने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला एक जुनी गोष्ट आठवते, सांगते.

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक आपली स्वतःची तीन पुस्तकं माझ्या टेबलावर विसरून गेले. आमच्या शिपायाने ती नव्या खरेदीतली समजून त्यांवर धडाधड शिक्के मारले. पहिल्या पानावर, आणि आम्ही प्रत्येक पुस्तकात एक ठरलेलं आतलं पान ठेवायचो त्या पानावरही. प्राध्यापक चिडले. मला कुणी सुचवलं की पानं अलगद कापून टाका, नाहीतर शाई लावून शिक्का झाकून टाका. मी तसं केलं नाही. ग्रंथालयात नोंद खोडायची एक रीत असते. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. शाईने झाकलेल्या जागेवर पुढचा माणूस कायम संशय घेतो. एका रेघेवर घेत नाही. आणि शिक्का मारल्याने पुस्तक आमचं होत नाही, हेही त्या प्राध्यापकांना मी दाखल नोंदवही उघडून दाखवलं. तिथे ती पुस्तकं नव्हतीच.

"तुझी नोंदवही कुठाय?" मी मृणालला विचारलं.

"तारखा आहेत ना. प्रत्येक बदल कधी केला, कुठल्या मशीनवर केला, सगळं आहे."

"मग ती घेऊन जा."

समीर म्हणाला, "बाप रे. आता समजलं ही कोणावर गेली." आणि फोन ठेवताना, हळूच, "कळव मला, यार."

पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर शॅननला गेले. ती आत गेली, मी गाडीत बसले. मोकळं मैदान, सारख्या दिसणाऱ्या इमारती, मागे विमानतळ, आणि वाऱ्यावर तिथेही गवताचा वास. आठ वर्षं ज्या दारातून ती कार्ड लावून आत जायची, त्या दाराशी तिला घंटी वाजवून उभं राहावं लागलं. मी ते पाहिलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

वीस मिनिटांनी बाहेर आली आणि गाडी सुरू न करताच हसायला लागली. "मॅनेजर म्हणाला, आम्हाला तर हे माहीतही नव्हतं. तू सांगितलंस कशाला?"

"मग?"

"वकिलांकडे पाठवतोय. किती दिवस लागतील सांगता येत नाही म्हणाला." हसणं थांबलं. "आई, त्यांनी सगळ्या मागितल्या तर?"

मी म्हटलं, "दुकानातून दही घ्यायचंय."

त्या संध्याकाळी तिने शिवॉनला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी शेजारीच होते. मग शिवॉन म्हणाली, "जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत थांबते. त्यापुढे मला दुसरं कुणी बघावं लागेल. आय'म सॉरी, मृणाल." दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, माझं विमान होतं.

मग पाऊस लागला. डोनलची यंत्रं अंगणात उभी राहिली आणि ते रोज सकाळी फाटकाशी येऊन आकाशाकडे बघून शिवी देत. वकिलांच्या पत्राची वाट बघण्यात आणि कोरड्या दिवसांची वाट बघण्यात फारसा फरक नसतो. मृणालनेही प्रेस आवरायला घेतली. एक कप्पा झाला. दुसऱ्या कप्प्याशी ती थांबली, फडकं खाली ठेवलं आणि टेबलाशी येऊन बसली.

"त्या दोन फाइली त्यांच्या आहेत. त्या मी परत लिहिते. जुन्या उघडणार नाही, बघणारही नाही. आई, तू पहिल्यापासून सांग. नावं कशी जुळवायची?"

नेमक्या त्या दोन फाइलींतच चाळणीचा जीव होता. नावांचे सगळे नियम तिथे होते, म्हणजे माझ्या कार्डांवरून ती लहानपणी जे शिकली ते. मग आम्ही दोघी बसलो. अकरा दिवस, सकाळी साडेनऊ ते एक. मी सांगायची, ती लिहायची. मध्येच थांबवून विचारायची, "असं का?" आणि मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा का ते सांगावं लागायचं. इथली नावं तिने मला शिकवली. ओब्रायनचा मुलगा वेगळं लिहितो, मुलगी वेगळं लिहिते, लग्न झालं की सून आणखी तिसरंच लिहिते. मी म्हटलं, हे आम्हाला नवीन नाही बाई, बायकांची नावं बदलण्यात आपल्याकडे कुणी मागे नाही. अकरा वाजले की मी चहा ठेवायची. बिस्किटांचा डबा फिरवायला दोघीच होतो, पण फिरवायचो. आणि एक वाजता मी विचारायची, "किती झालं?"

माझी ती हजारो कार्डं कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत गेली. कशावरही माझं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पगार घेतला, काम दिलं, वाईट वाटून घेतलं नाही. आजही घेत नाही. पण त्या अकरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की कार्डं कॉलेजची होती आणि ती लिहायची रीत माझी होती, आणि तो फरक मी कधी केलाच नव्हता. नोकरी चांगलीच असते, रेवा. मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त दिवसाअखेरीला आपण काय तिथे ठेवून आलो आणि काय परत घेऊन आलो, ते माहीत असावं.

पत्र गुरुवारी दुपारी आलं. तुमचे बाबा हॉस्पिटलातून रात्रपाळी करून येऊन झोपले होते, तुम्ही दोघी मागच्या अंगणात होतात, आणि बऱ्याच दिवसांनी ऊन पडल्यामुळे डोनलचं यंत्र पलीकडच्या शेतात फिरत होतं. मृणालने ते आधी मनात वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. बारा फाइलींवर कंपनीचा काहीही दावा नाही. दोन फाइली कंपनीच्या आहेत, त्या वापरू नयेत. खाली सही.

ती रडली नाही, नाचलीही नाही. तिने पहिली फाइल उघडली. वरची ओळ पुसली नाही. एका रेघेने काट मारल्यासारखी, वाचता येईल अशी ठेवून शेजारी लिहिलं की ही ओळ चुकून पडली होती, कंपनीचं पत्र या तारखेचं, आणि खाली स्वतःचं नाव. मग दुसरी. बाराही. समीरला तिने त्याचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "कोडमध्ये कोण काट मारते बे? तुम्ही मायलेकी दोघी एक नंबर आहात." शुक्रवारी सकाळी कागद गॉलवेला गेला. शनिवारी मी गेले.

गॉलवेचं काम पुढे चार महिन्यांत संपलं. त्यानंतर काही मिळालं, मध्ये काहीच नव्हतं, परत मिळालं. या आठवड्यात काही नाही, म्हणून ती मूडमध्ये आहे. पुढच्या आठवड्यातही नसेल कदाचित. डोनलही पावसात अंगणात उभे राहून शिव्या देतात, आणि ऊन पडलं की तुम्ही शाळेतून यायच्या आत दोन शेतं पार करतात. तिने ठरवलंय, ती टेबलाशी बसणार. मी आता विरोधात नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला एक विचारलं होतं. म्हटलं, ती आपोआप पडणारी ओळ बदलून आता तुझं नाव पडेल अशी सोय केलीस ना? म्हणाली, "नाही. काढूनच टाकली. वर काही आपोआप पडायला नको."

तेव्हा रेवा, एक काम कर. शाळेला सुट्टी लागली की एखाद्या सकाळी साडेनऊला, आवाज न करता, आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहा. काम असो नसो, ती नवी फाइल उघडेल. वरची जागा रिकामी असेल. ती तिथे पहिल्यांदा काय लिहिते ते बघ. एकेक अक्षर, हाताने लिहिते.